पात्यांवर मोजलेला झोत

१६ मे १९६० रोजी कॅलिफोर्नियातल्या मालिबू इथे, ह्यूज कंपनीच्या प्रयोगशाळेत, थिओडोर मायमन यांनी माणकाच्या कांडीतून पहिला लेझर झोत काढला. वर्तमानपत्रांनी त्याचा ‘मृत्युकिरण’ म्हणून गाजावाजा केला.

संशोधकांपुढे प्रश्न वेगळाच होता: या झोताची ताकद मोजायची कशी? दाढीची पाती एकावर एक रचायची, भिंगाने झोत त्यांवर एकवटायचा आणि किती पात्यांना आरपार भोक पडले ते पाहायचे. या मापाला पात्यांच्या कंपनीवरून नावही पडले, ‘जिलेट’. ही किमया जितकी माणकाची तितकीच भिंगाची. झोत आधी दोन भिंगांनी रुंद करून मग एकवटला, तर ठिपका आणखी बारीक होतो. १९६५ मध्ये वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या कारखान्यात तार ओढण्याच्या हिऱ्याच्या साच्यांनाही लेझरने भोके पाडू लागले.

पण एक भिंग प्रत्येकाच्या डोळ्यातच असते. समांतर झोत बाहुलीतून आत शिरला, की दृष्टिपटलावर त्याचा अतिसूक्ष्म ठिपका होतो आणि तीव्रता सुमारे १,००,००० पटींनी वाढते. डिसेंबर १९६१ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी एका रुग्णाच्या दृष्टिपटलावरची गाठ लेझरने जाळली, ती याच गुणाच्या बळावर. निष्काळजी हातात तोच गुण दृष्टी घालवतो.

अमेरिकेत १९७३ मध्ये लेझर-सुरक्षेचे मानक आले. पाच मिलिवॅटच्या साध्या पॉइंटरपुढे भिंग धरतानाही नियम तेच: पॉइंटर घट्ट बसवावा, झोत डोळ्यांच्या पातळीखाली ठेवावा, अंगठी-घड्याळ काढावे आणि पलीकडे काळा, खडबडीत अडसर उभा करावा.