न दुखणाऱ्या पायाची चप्पल

नवी कोल्हापुरी चावते, हे सोलापूरकराला वेगळं सांगायला नको. २०१९ साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात महाराष्ट्रातल्या चार जिल्ह्यांमध्ये सोलापूरही आहे. चार दिवस अंगठ्याजवळ सालपट निघतं, आपण लंगडतो, तेल चोळतो, चप्पल काढून ठेवतो, पुन्हा घालतो आणि एक दिवस ती पायाची होऊन जाते. पण हे सगळं घडतं ते पाय दुखतो म्हणून. ज्याचा पाय दुखतच नाही तो लंगडणार नाही आणि चप्पलही काढून ठेवणार नाही. तो त्याच सालपटावर दिवसभर चालेल आणि संध्याकाळी फरशीला रक्त लागलेलं पाहून चक्रावेल.

अशा पायासाठी एक वेगळी चप्पल आहे. दवाखान्यात तिला ‘एमसीआर’ म्हणतात, म्हणजे मायक्रोसेल्युलर रबर. आज मधुमेही माणूस डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन ती विकत आणतो. ती मुळात कुष्ठरुग्णांसाठी तयार झाली, हे त्याला सहसा कुणी सांगत नाही.

चप्पल हातात घेऊन पाहिली तर साधीच वाटते. वरचा थर मऊ रबराचा, साधारण एक सेंटिमीटर जाडीचा. त्यात हवेचे अगदी बारीक, बंद कप्पे असतात. अंगठा आणि बोट यांच्या चिमटीत दाबला की तो निम्मा होतो आणि सोडला की लगेच पूर्ववत फुगतो. खालचा थर मात्र कडक, बऱ्याचदा टायरच्या रबराचा, म्हणजे काटा किंवा काच वर येत नाही. कुठेही खिळा नाही. थर चिकटवलेले, पट्टे शिवलेले. अंगठ्यात अडकवायची वादी नाही, कारण तीच बोटांच्या बेचक्यात घासते. टाचेमागे पट्टा आहे, कारण बधिर पायातून चप्पल निसटली तरी मालकाला पत्ता लागत नाही. यातली प्रत्येक गोष्ट कुणाच्या तरी जखमेवरून शिकलेली आहे.

या चपलेचं मूळ तमिळनाडूत आहे. डॉ. पॉल ब्रँड यांचा जन्म १९१४ साली तिथल्या कोल्ली डोंगरांत, मिशनरी आईवडिलांच्या घरी झाला. इंग्लंडमध्ये शल्यचिकित्सा शिकून १९४६ साली ते वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. त्या काळी कुष्ठरुग्णाची बोटं झडतात, मांस आपोआप सडतं, असं डॉक्टरसुद्धा मानत. महाराष्ट्रातही तेच चित्र होतं. वर्ध्याजवळचं दत्तपूर, अमरावतीचं तपोवन, वरोऱ्याचं आनंदवन या ठिकाणी आसऱ्याला येणाऱ्यांच्या पायांना चिंध्या गुंडाळलेल्या असत, आणि ती जखम म्हणजे रोगाचाच भाग असं सगळे धरून चालत.

ब्रँड यांनी एकेका जखमेचा माग काढायला सुरुवात केली. ही भाजली कशी? चुलीवरचं भांडं उघड्या हाताने उतरवताना. हे बोट रात्रीत गेलं कुठे? उंदराने कुरतडलं. तळव्याची जखम पुन्हापुन्हा त्याच जागी का? कारण शरीराचा भार पावलागणिक तिथेच पडतो. जंतूंनी मज्जातंतू मारले होते. पुढचं नुकसान माणूस स्वतःच, नकळत करून घेत होता. निरोगी माणूस लांब चालला की मध्येच पावलाचा कोन बदलतो, भार इकडून तिकडे टाकतो. पाय कुरकुरतो म्हणून हे होतं. बधिर पाय कुरकुरत नाही, म्हणून बेताचाच दाब हजारो वेळा एकाच जागी पडत राहतो. आधी आतलं मांस सुजतं, मग चिरडतं, आणि कातडी सगळ्यात शेवटी फाटते. जखम दिसते तेव्हा ती जुनी झालेली असते.

एवढं उमगल्यावर औषधाइतकंच महत्त्व पादत्राणाला आलं. वेल्लोर आणि जवळच्या करीगिरी इथल्या, १९५५ साली सुरू झालेल्या कुष्ठरोग संशोधन केंद्रात मऊ रबराच्या पादत्राणांवर काम झालं. रबर फार मऊ असेल तर चार दिवसांत दबून चपटं होतं, कडक असेल तर भार पसरत नाही. या दोन्हींच्या मध्ये एमसीआर बसलं.

पण जखम आधीच झाली असेल तर? त्याचंही उत्तर याच भागातलं आहे. १९३०च्या दशकात सिलोनचे डॉ. मिलरॉय पॉल आणि हिंदुस्थानातले डॉ. जोसेफ खान हे कुष्ठरुग्णाच्या जखमी पायाला प्लास्टर घालून त्याला चालतं ठेवत. पावलाला सगळीकडून बेताचं चिकटलेलं प्लास्टर भार पूर्ण तळव्यावर आणि पोटरीवर वाटून देतं. रुग्णालयात महिनोन्‌महिने खाट अडवून न भरणाऱ्या जखमा त्यात काही आठवड्यांत भरू लागल्या. आज मधुमेहाच्या पाठ्यपुस्तकांत ‘टोटल कॉन्टॅक्ट कास्ट’ या नावाने जे पहिल्या पसंतीचं साधन सांगितलं जातं, ते हेच.

१९६६ साली ब्रँड अमेरिकेत, लुइझियानातल्या कार्व्हिलच्या कुष्ठरोग रुग्णालयात गेले, आणि तिथे या विद्येचं घर बदललं. कुष्ठरुग्णाचा आणि मधुमेह्याचा पाय शेजारी ठेवला तर जखमा त्याच, जागाही त्याच. एकाचे मज्जातंतू जंतूंनी मारलेले, दुसऱ्याचे वर्षानुवर्षं वाढलेल्या साखरेने. मग प्लास्टर आणि मऊ तळ मधुमेह्यांकडे गेले. कोणाचा पाय धोक्यात आहे हे ओळखायचं साधनही तिथेच पक्कं झालं. मॅक्सिमिलियन फॉन फ्रे हा जर्मन शास्त्रज्ञ १८९०च्या दशकात काडीला केस लावून स्पर्श मोजत असे. १९६० साली जोसेफिन सेम्स आणि सिडनी वाइन्स्टाइन यांनी मेंदूला इजा झालेल्या माणसांची तपासणी करताना केसाऐवजी नायलॉनचे धागे वापरले. १९८६ साली कार्व्हिलच्या बर्क आणि सिम्स यांनी दाखवलं की १० ग्रॅम दाबाला वाकणारा धागा ज्याला तळव्यावर जाणवत नाही, त्याच्या पायाला व्रण होण्याची भीती असते. तो निबंध छापून आला तो कुष्ठरोगाच्या नियतकालिकात.

चप्पल परत मायदेशी तपासली गेली. चेन्नईत पूर्वी व्रण होऊन गेलेल्या मधुमेह्यांवर केलेला एक अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. नेहमीचीच पादत्राणं घालणाऱ्यांपैकी सुमारे एक तृतीयांश जणांना नऊ महिन्यांत नव्या जखमा झाल्या. एमसीआर किंवा तशाच मऊ तळाची चप्पल घालणाऱ्यांत हे प्रमाण चार टक्क्यांच्या आसपास राहिलं. महाराष्ट्रात नागपूरचे डॉ. शरद पेंडसे, मुंबईचे डॉ. अरुण बाळ यांनी मधुमेही पाय हा विषय स्वतंत्रपणे लावून धरला. पेंडसे ज्या ‘स्टेप बाय स्टेप’ उपक्रमात होते, त्यात डॉक्टर आणि परिचारिका यांना जोडीने शिकवलं जाई, कारण पाय रोज पाहणार ती परिचारिकाच.

अडचण होती ती लोकांच्या नजरेची. सरकारी कुष्ठरोग कार्यक्रमातून ही चप्पल फुकट मिळते, पण तिच्यावरून माणूस ओळखू येई. म्हणून कित्येक रुग्ण ती घरात ठेवून साध्या स्लिपरवर बाहेर पडत. तेच रबर चामडी सँडलमध्ये घातलं आणि ‘डायबेटिक फूटवेअर’ म्हटलं, की शोकेसमध्ये बसतं.

एका बाबतीत मात्र दोन पाय वेगळे आहेत. कुष्ठरुग्णाच्या पायाचा रक्तपुरवठा सहसा शाबूत असतो. मधुमेह्याच्या रक्तवाहिन्या तुंबलेल्या असू शकतात, आणि विडी-तंबाखू असेल तर जास्तच. अशा पायाला भार कमी करून भागत नाही. नाडी तपासून रक्तवाहिन्यांचा इलाज आधी करावा लागतो. पाय गार, काळसर किंवा चालताना पोटरी भरून येणारा असेल तर चपलेच्या दुकानाआधी डॉक्टर गाठायला हवा.

सोलापुरात हा विषय चपलेपुरता उरत नाही. इथला उन्हाळा चाळिशी सहज ओलांडतो आणि बधिर तळव्याला डांबराचा चटका कळत नाही. नवरात्रात नऊ दिवस अनवाणी राहणारे आहेत. कोजागरीला तुळजापूरपर्यंतचे चाळीसहून अधिक किलोमीटर पायी जाणारे असंख्य, त्यात अनवाणी चालणारे कितीतरी. ज्याच्या पायाला मुंग्या येतात, किंवा पायातली चप्पल वाटेत सुटून राहिली तरी कळत नाही, त्याने तुळजापूरच्या आईपुढे नवस चप्पल घालून फेडावा. घरी शेकायची पिशवी नको, भोवरीवर ब्लेड नको. आंघोळीचं पाणी दुसऱ्याच्या हाताने तपासून घ्यावं. चप्पल-बुटात पाय घालण्याआधी हात फिरवावा. आत खडा असतो, नाही तर नातवाचं खेळणं. रात्री तळवे आरशात किंवा सुनेकडून पाहून घ्यावेत. जखम दिसली की हळद न भरता, दुखत नाही म्हणून थांबून न राहता, त्या पायावरचं चालणं बंद करावं आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. न दुखता पाय लाल, गरम आणि सुजलेला दिसला तरी हाच नियम.

आणि चप्पल घेताना पेटीवरचा ‘डायबेटिक’ शब्द वाचून पैसे देऊ नयेत. तळ चिमटीत निम्मा दबून परत येतो का, खालचा थर कडक आहे का, कुठे खिळा नाही ना, बेचक्यात वादी नाही ना, मागे पट्टा आहे का, हे बघावं. या पाच गोष्टी गल्लीतला चांगला चर्मकारही जमवून देईल, त्याला फक्त सांगणारं कुणी हवं. त्या जमल्या नसतील तर चप्पल कितीही महाग असो, न दुखणाऱ्या पायाला तिचा उपयोग नाही.