सकाळच्या बतावणीची वंशावळ

सकाळी एफएमचे बटण फिरवावे, तर दोन आवाज एकमेकांची फिरकी घेताना ऐकू येतात. एक म्हणतो, नळाला आज चौथ्या दिवशी पाणी आले. दुसरा म्हणतो, अरे वा, म्हणजे अंघोळ करायची की देव्हाऱ्यात ठेवायचे? हसता हसता नगरपालिका, खड्डे, बंद पडलेली एसटी, परीक्षेचा निकाल असे सगळे विषय होऊन जातात. हा प्रकार खासगी एफएमने महानगरांत जन्माला घातला, असा आपला समज असतो. खोड तपासले, तर त्याची मुळे थेट गोदाकाठी पोहोचतात. एकाने गंभीर बोलावे, दुसऱ्याने थट्टेने त्याला छेद द्यावा आणि गावाचे दुखणे त्या फटीतून बाहेर पडावे, ही रीत बीड आणि आसपासच्या मुलखाला रेडिओच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होती. शतकागणिक बदलत गेले ते एवढेच, की हा दुसरा आवाज कोणाच्या हाती होता.

आपण सोळाव्या शतकापासून निघू. गोदावरी ही बीड जिल्ह्याची उत्तरेकडची सीमा आणि तिच्याच काठी एकनाथांचे पैठण. त्या काळी पहाटे दारात येणारा माणूस म्हणजे वासुदेव; डोक्यावर मोरपिसांची टोपी, हातात टाळ-चिपळ्या. सरकारी हुकूम मात्र दवंडीने यायचा, आणि दवंडीला उलट प्रश्न विचारण्याची सोय नव्हती. एकनाथांनी (१५३३–१५९९) भारुडांत हीच माणसे बोलती केली. वासुदेव, जोशी, पिंगळा तर आलेच. अर्जदस्त, ताकीदपत्र, अभयपत्र असे कचेरीतले कागदही त्यांनी भारुडाच्या सोंगात उभे केले. आपल्या शोधासाठी सर्वांत मोलाचा आहे तो त्यांचा हिंदू-तुर्क संवाद. पैठण तेव्हा अहमदनगरच्या निजामशाहीत होते. अशा काळात एक जण मराठीत आणि दुसरा दखनी वळणाच्या बोलीत भांडतो, दोघे एकमेकांच्या देवाधर्मातल्या विसंगती काढतात, आवाज चढतात आणि शेवटी दोघांची गळाभेट होते. त्या दिवसांतला याहून नाजूक सार्वजनिक प्रश्न सापडणे अवघड. तो एकाच्या तोंडी घातला असता, तर उपदेश झाला असता किंवा शिवीगाळ. दोघांत वाटला, म्हणून तो चारचौघांत बोलता आला.

पुढचा टप्पा तमाशाचा. पेशवाईच्या उत्तरार्धात तो बहरला. गणानंतर गवळण, गवळणीत मावशी आणि पेंद्या, मग बतावणी, म्हणजे दोघांचा थट्टेचा संवाद, आणि वग अशी त्याची मांडणी रूढ झाली. वगात राजा सिंहासनावर बसतो आणि सोंगाड्या त्याच्या प्रत्येक वाक्याचा उलटा अर्थ लावतो. संहिता ढोबळ असे; ज्या गावात फड लागला, तिथल्या पाटलाची, सावकाराची, विहिरीच्या भांडणाची माहिती सोंगाड्या दिवसा काढून ठेवी आणि रात्री संवादात पेरी. जोतीराव फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापला, त्यानंतर या साच्यातून सत्यशोधकी जलसे उभे राहिले आणि विसाव्या शतकात आंबेडकरी जलसे. थट्टा तीच, रोख मात्र थेट जातीवर आणि भिक्षुकीवर. १९६५ मध्ये रंगभूमीवर आलेल्या वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ने त्या सोंगाड्याला दादा कोंडके यांच्या रूपाने शहरी नाट्यगृहात आणले, आणि राज्यकर्त्यांची टिंगल ऐकायला पांढरपेशे तिकीट काढून बसू लागले.

रेडिओ आला तेव्हा मात्र पहिली काही दशके या दुसऱ्या आवाजाला माइकसमोर जागाच मिळाली नाही. मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. बीड तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते आणि या संस्थानाचा स्वतःचा डेक्कन रेडिओ होता. एका खासगी हौसेतून निघालेले हैदराबादचे केंद्र १९३५ मध्ये निजाम सरकारने ताब्यात घेतले. पुढे औरंगाबादलाही केंद्र उभे राहिले. आज फारसे कोणाला आठवत नाही, पण स्वातंत्र्य मिळाले तेव्हा मराठवाड्याच्या भूमीवर एक रेडिओ केंद्र चालू होते. डेक्कन रेडिओवरूनच १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजाम मीर उस्मान अली खान स्वतः बोलले आणि संस्थानच्या फौजांनी लढाई थांबवल्याचे प्रजेला कळले. बीडच्या इतिहासातली सर्वांत मोठी बातमी अशी एकाच आवाजात, आकाशमार्गे आली. १ एप्रिल १९५० रोजी ही केंद्रे ऑल इंडिया रेडिओकडे गेली आणि काही वर्षांतच, १९५३ मध्ये, औरंगाबादचे केंद्र बंद पडले. मराठवाड्याला स्वतःचा आवाज परत मिळाला तो १९६८ मध्ये परभणी केंद्र निघाल्यावर. औरंगाबाद पुन्हा बोलू लागायला १९७६ उजाडले.

दरम्यान जगात दुसरीकडे न्याहारीच्या वेळेची गप्पा-परंपरा घडत होती. न्यूयॉर्कच्या डब्ल्यूओआर केंद्रावर १९४५ पासून डोरोथी किलगॅलन आणि डिक कोलमार हे पतिपत्नी घरच्या टेबलावरून शहराविषयी गप्पा मारत. सकाळच्या दुकली कार्यक्रमांचे ते एक सुरुवातीचे रूप म्हणता येईल. आपल्याकडे वळण वेगळे लागले. मुंबई आकाशवाणीच्या ‘पुन्हा प्रपंच’मध्ये पंत, मीनावहिनी आणि टेकाडे भावजी ही पात्रे घरगुती कुरबुरींच्या निमित्ताने चालू प्रश्नांवर बोलत; त्यांना आवाज होते बाळ कुडतरकर, नीलम प्रभू आणि प्रभाकर जोशी यांचे. खटके खुसखुशीत होते, पण ते आधी लिहिलेले होते. श्रोत्याला खऱ्या अर्थाने बोलते केले ते १९५६ च्या पुणे केंद्राच्या प्रयोगाने. युनेस्कोच्या मदतीने, कॅनडातल्या शेतकरी श्रवणमंडळांच्या धर्तीवर, मुंबई राज्यातल्या पाच मराठी जिल्ह्यांतली सुमारे दीडशे गावे निवडली गेली. आठवड्यातून दोनदा संध्याकाळी वीसेक गावकरी रेडिओभोवती जमत, अर्धा तास ऐकत, मग वाद घालत आणि आपले प्रश्न पुण्याला कळवत. त्यांची उत्तरे पुढच्या प्रसारणात मिळत. सोंगाड्याचे काम गावानेच अंगावर घेतले होते. बीड मात्र १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात असल्याने या प्रयोगाबाहेर राहिले. १९५९ मध्ये ही योजना देशभर गेली.

रेडिओ जिल्ह्यापर्यंत खाली उतरावा, हा विचार पुढे जोर धरू लागला. ३० ऑक्टोबर १९८४ रोजी तमिळनाडूत नागरकोईलला पहिले स्थानिक केंद्र सुरू झाले. त्याच साखळीतले एक केंद्र बीडला मिळाले, १०२.९ मेगाहर्ट्झवर ‘आकाशवाणी बीड’ ऐकू येऊ लागले. पुण्याच्या सात वाजून पाच मिनिटांच्या बातम्या राज्याच्या असत, परभणीच्या कार्यक्रमांना अख्खा मराठवाडा सांभाळावा लागे. आता पाटोद्याचा शेतकरी आणि माजलगावची शिक्षिका एकाच छोट्या कक्षेत आले. फोन-इन कार्यक्रमांमुळे तर पोस्टकार्डाची वाटही पाहावी लागेना. निवेदक विचारणार, ‘कुठून बोलताय मामा?’ आणि मामा गाण्याची फर्माईश सांगण्याआधी पाऊस किती झाला ते सांगणार. निवेदकावर सरकारी आचारसंहितेचे ओझे होते. फोन करणाऱ्या मामांवर मात्र ते तितकेसे नव्हते.

मग ९ फेब्रुवारी १९९५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, सरकारची मक्तेदारी नव्हे, असे त्याने ठरवले. २००१ मध्ये बंगळुरूत पहिले खासगी एफएम केंद्र सुरू झाले आणि पुढे मुंबईतही. इथे एक कायदेशीर गंमत आहे. खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देण्यास मनाई होती. २०११ च्या धोरणाने आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा लावण्याची मुभा दिली. शिवाय वाहतूक, हवामान, परीक्षा, वीज-पाणी यांची माहिती ‘बातमी’ धरायची नाही, असे ठरवले. सकाळचे निवेदक खड्ड्यांवर आणि नळावर इतके का बोलतात, याचे एक उत्तर या तरतुदीत आहे. संसद त्यांना बंद होती, गटार उघडे होते. जुलै २०१७ मध्ये रेड एफएमची निवेदिका मलिष्का हिने एका लोकप्रिय मराठी गाण्याच्या चालीवर मुंबई महापालिकेची टर उडवली. काही नगरसेवकांनी ५०० कोटींच्या अब्रूनुकसानीच्या दाव्याची मागणी केली आणि थोड्याच दिवसांत तिच्या घरात डासांच्या अळ्या सापडल्याची पालिकेची नोटीस निघाली. सोंगाड्याचा शब्द राजाला अजून टोचतो, याची याहून चांगली पावती कोणती?

या वाटेच्या आजच्या टोकाला उभे राहून बीडकडे पाहिले, तर बोलायला विषय भरपूर आहेत. १९९५ मध्ये मंजूर झालेल्या अहिल्यानगर–बीड–परळी या २६१ किलोमीटरच्या मार्गावर बीडपर्यंत गाडी धावली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी. या तीस वर्षांत या रेल्वेवर किती कोट्या झाल्या असतील, त्याची गणती कोण करणार? पण जिल्ह्याचा सर्वांत मोठा प्रश्न दसऱ्यानंतर कोयता घेऊन निघतो. ऊसतोड मजूर सांगली, कोल्हापूर, कर्नाटकाच्या फडांवर जातात आणि एफएमच्या लहरी त्यांच्या ट्रॅक्टरमागे येत नाहीत. शे-सव्वाशे किलोमीटरच्या आतच त्या विरतात. म्हणजे उचलीचे पैसे, कोयत्याचा दर, कोपीवरल्या, म्हणजे फडालगतच्या झोपड्यांतल्या, पोरांची शाळा यांवर ज्यांनी दुसरा आवाज व्हायचे, तेच वर्षातले निम्मे महिने आपल्या जिल्ह्याच्या सकाळबाहेर असतात. एकनाथांनी संवादात समोरच्याला त्याच्या बोलीसकट उभे केले, पुण्याच्या प्रयोगाने गावाला उत्तराचा हक्क दिला, फोन-इनने मामांना निवेदकाच्या बरोबरीला बसवले. दोन पगारी निवेदक एकमेकांना टाळ्या देत गावाविषयी बोलू लागले, की ही परंपरा एक पायरी खाली उतरते. आता प्रत्येक फडावर मोबाइल आहे. पहाटे चारला तोडीवर निघणाऱ्या बाईचा आवाज त्या मोबाइलवरून सकाळच्या कार्यक्रमात आला आणि तिने निवेदकालाच उलट सवाल केला, तर या वंशावळीत बीडच्या नावाने नवी नोंद करता येईल.