अमार्गी : एका कुर्दी स्वप्नाचं माहेर

पुण्यात जुन्या पुस्तकांच्या गठ्ठ्यात अ‍ॅडम स्मिथचा एक खंड हाती लागला. अमेरिकेतल्या इंडियानापोलिसच्या लिबर्टी फंड या संस्थेनं छापलेला. पुठ्ठा उघडला की आतल्या पानावर कीलाकार लिपीतली एक खूण दिसते. मागे बारीक अक्षरांत खुलासा आहे : हा ‘अमागी’ शब्द, अर्थ स्वातंत्र्य, या अर्थाचा लेखी सापडलेला सर्वांत जुना शब्द, इसवी सनापूर्वी २३०० च्या सुमाराच्या, लगाश या सुमेरी नगरराज्यातल्या मातीच्या लेखातून घेतलेला. काही महिन्यांनी अब्दुल्ला ओजलान यांचं तुरुंगातलं लिखाण वाचत होतो, तर तोच शब्द पुन्हा समोर. तिथे तो ‘अमार्गी’ होता. एकीकडे खुल्या बाजाराचा कैवार घेणारी संस्था, दुसरीकडे राज्य आणि भांडवल दोन्ही नको म्हणणारी कुर्दांची चळवळ, आणि दोघांच्या देव्हाऱ्यात एकच शब्द! तेव्हापासून मी या शब्दाच्या मागे आहे.

चळवळीचा ठाऊक असलेला इतिहास थोडक्यात असा. १९७८ मध्ये दियारबाकिर प्रांतातल्या फिस गावात कुर्दिस्तान कामगार पक्ष स्थापन झाला. १९८४ मध्ये त्यानं शस्त्र उचललं. तुर्कस्तान, अमेरिका आणि युरोपीय संघ यांनी त्याला दहशतवादी ठरवलं. १९९९ मध्ये पक्षाचे नेते ओजलान नैरोबीत पकडले गेले आणि तेव्हापासून मारमारा समुद्रातल्या इम्रली बेटावर कैदेत आहेत. अनुयायी त्यांना ‘आपो’ म्हणतात. अब्दुल्लाचं ते लाडकं रूप, आणि कुर्दीत ‘आप’ म्हणजे काका. या काकांनी २००५ मध्ये वेगळ्या कुर्दी राष्ट्राची मागणी बाजूला ठेवून लोकशाही महासंघवादाची घोषणा केली : गावाची, मोहल्ल्याची सभा हा पाया, तिच्यावर सभांचे संघ, आणि प्रत्येक पदावर एक स्त्री व एक पुरुष असे जोडीचे अध्यक्ष. २०१२ नंतर उत्तर सीरियात, म्हणजे रोजावात, ही मांडणी प्रत्यक्ष राबवायला सुरुवात झाली. तिथल्या २०१४ च्या सामाजिक करारात सभांमधून स्त्रियांचं प्रमाण किमान ४० टक्के असावं असं लिहिलेलं आहे.

स्त्री इतक्या मध्यभागी कशी आली, याचं उत्तर मला या शब्दात दिसतं.

आधी शब्द जवळून पाहू. सुमेरीत ‘अमा’ म्हणजे आई. (आपल्या अम्माशी नातं जोडायचा मोह होतो. तो आवरावा. सुमेरी भाषेला जगात कुणी सख्खं नातेवाईक सापडलेलं नाही, आणि बाळाच्या ओठावर ‘म’ सगळीकडेच आधी येतो.) ‘गी’ म्हणजे परतणं. पूर्ण शब्द अमा-आर-गी, आखूड रूप अमा-गी. ‘अमा’ लिहायची खूण मोठी देखणी आहे : एक चौकट, आणि चौकटीच्या पोटात तारा. ओल्या मातीत बोरूच्या टोकानं दाबून काढलेल्या चार-सहा रेघा, पण एकदा ओळखली की ही खूण विसरता येत नाही. तर स्वातंत्र्य म्हणजे आईकडे परत जाणं. मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. आपल्याकडे मातृगृहाचं माहेर झालं, आणि माहेरी गेलेल्या बाईचा श्वास कसा मोकळा होतो हे आपल्या जात्यावरच्या ओव्यांना विचारावं.

हा अर्थ जगासमोर आणला पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या सॅम्युएल नोआ क्रेमर यांनी. लगाशच्या उरुकागिना राजाच्या सुधारणांचा लेख वाचताना त्यांना हा शब्द भेटला. स्वातंत्र्याला ‘आईकडे परतणं’ का म्हटलं असावं ते मात्र कळत नाही, अशी कबुली त्यांनी १९५६ च्या आपल्या पुस्तकात प्रांजळपणे दिली. वाद सुरू होतो तो या कबुलीपासून.

पहिला पक्ष मरे बुकचिन यांचा. न्यूयॉर्कमध्ये वाढलेला, ओतशाळेत आणि मोटार कारखान्यात राबलेला, कम्युनिस्टांतून अराजकवादाकडे आणि तिथून ग्रामसभांच्या लोकशाहीकडे आलेला हा माणूस. १९८२ च्या ‘द इकॉलॉजी ऑफ फ्रीडम’ या ग्रंथात त्यांनी अमार्गीचा अर्थ लावला : वर्ग आणि राजे येण्याआधीच्या, आईभोवती गुंफलेल्या समाजाची ही आठवण. ओजलान यांचाही सूर तोच. त्यांच्या मते आधी स्त्री गुलाम झाली, मग बाकीचे.

दुसरा पक्ष शिलालेखवाल्यांचा, आणि तो कच्चा नाही. अक्कादी भाषेत याच अर्थाचा ‘अंदुरारू’ शब्द आहे, आणि तो राजाच्या फर्मानासाठी वापरलेला दिसतो. कर्ज साचलं, शेतकरी बुडाला, पोरंबाळं सावकाराकडे गहाण पडली, की गादीवर बसताना राजा कर्जमाफी जाहीर करी आणि माणसं पूर्वीच्या जागी परत जात. म्हणजे हे स्वातंत्र्य राजानं दिलेलं, आणि राजा जागच्या जागी. यात मातृसत्ता कुठे आहे?

मी दोघांचं थोडं थोडं मानतो. उरुकागिनाच्याही आधीचा, इसवी सनापूर्वी २४०० च्या सुमाराचा लगाशचा राजा एन्मेतेना. त्यानं लगाशमध्ये अमार्गी केल्याचं लेखात म्हटलं आहे, आणि पाठोपाठ खुलासा येतो : मूल आईकडे परत केलं, आई मुलाकडे परत केली, धान्याच्या कर्जावरचं व्याज रद्द केलं. क्रेमर यांच्या कोड्याचं उत्तर मला या खुलाशात दिसतं. वेठीला गेलेलं लेकरू संध्याकाळी आईच्या दारात उभं राहतं, तो क्षण म्हणजे स्वातंत्र्य, आणि शब्द त्या क्षणावरून घडला. प्राचीन मातृसत्तेचा पुरावा म्हणून मात्र हा शब्द उभा राहत नाही. तिथे बुकचिन आणि ओजलान लांब उडी घेतात. पण शब्दात आई खरीखुरी आहे, व्याकरणापुरती नाही, हे त्यांचं म्हणणं पक्कं आहे.

आता उसनवारीचा प्रश्न. २००४ मध्ये ओजलान यांच्या बाजूच्या लोकांनी बुकचिन यांना पत्रं लिहिली, बुकचिननी उत्तरं दिली. तेव्हा ते ८३ वर्षांचे आणि आजारी होते. २००६ मध्ये गेले. या पत्रांमुळे सर्रास सांगितलं जातं की कुर्दांनी सगळं अमेरिकेतून उचललं. सभांची मांडणी बुकचिन यांचीच, यात शंका नाही. अमार्गी मात्र तिथून आलेला नाही, असा माझा कौल आहे. ओजलान यांनी युरोपीय मानवाधिकार न्यायालयासाठी लिहिलेलं मोठं निवेदन २००१ मध्येच पुस्तकरूपानं आलं होतं, आणि त्याच्या शीर्षकातच सुमेरी पुरोहित-राज्य आहे. सुमेरचं वेड पत्रांच्या आधीचं आहे.

ते आलं कुठून? इथे माझा लाडका तर्क सांगतो. ते तुर्की प्रजासत्ताकाकडून आलं. १९३० च्या दशकात अंकाराच्या राज्यकर्त्यांनी सुमेरी लोकांना तुर्कांचे पूर्वज ठरवलं होतं. १९३३ मध्ये सरकारी कारखानदारीसाठी स्थापलेल्या बँकेचं नावच सुमेरबँक. तिच्या गिरण्यांचं छापील कापड तुर्कस्तानात घरोघरी पोचलं. अंकारात १९३५ मध्ये निघालेल्या भाषा-इतिहास-भूगोल विद्याशाखेत सुमेरी शिकवली जाऊ लागली. तिथे शिकलेल्या मुअज्जेज इल्मिये चिग या विदुषीनं पुढे इस्तंबुलच्या संग्रहालयात मातीच्या लेखांवर आयुष्य घातलं, क्रेमर यांच्याबरोबर काम केलं आणि त्यांचं पुस्तक तुर्कीत आणलं. ओजलान अंकारातच राज्यशास्त्र शिकायला गेलेले, आणि वाचन सगळं तुर्कीत. राज्यानं आपला मोठेपणा सांगायला सुमेर उकरून काढलं. त्याच राज्याच्या कैद्यानं त्याच मातीतून राज्यसंस्थेवरचं आरोपपत्र लिहिलं. या शब्दासाठी बुकचिन आणि ओजलान यांनी एकमेकांच्या घागरीतलं पाणी घेतलेलं नाही. दोघे क्रेमर यांच्या विहिरीवर गेले होते.

चळवळीची जगभर गेलेली घोषणा मात्र ‘जिन, जियान, आझादी’ : स्त्री, जीवन, स्वातंत्र्य. सप्टेंबर २०२२ मध्ये इराणमधल्या सक्केज गावी, पोलिसांच्या ताब्यात असताना मरण पावलेल्या झिना महसा अमिनी या कुर्दी तरुणीच्या दफनाच्या वेळी ती दुमदुमली आणि मग फारसीतून साऱ्या इराणभर गेली. चळवळीतले लोक ‘जिन’ आणि ‘जियान’ हे एकाच मुळाचे सांगतात. ते बरोबर नाही. पहिला संस्कृत ‘जनी’चा, म्हणजे स्त्रीवाचक शब्दाचा भाऊबंद, दुसरा ‘जीव’च्या घरचा. पण खरी गंमत तिसऱ्या शब्दात आहे. ‘आझाद’ हा जुन्या इराणी ‘आ-जात’वरून आला : कुळात जन्मलेला. सासानी काळात ‘आझादान’ म्हणजे उमराव. आर्मेनियातही ‘अझात’ म्हणजे खानदानी. म्हणजे मुळात आझादी जन्मानं मिळायची, ज्याचं कूळ मोठं त्याची. अमार्गी नेमकी उलटी : जो गहाण पडला, ज्याला कुळातून ओढून नेलं, त्याचं परतणं. माझं ठाम मत आहे की ही चळवळ ‘आझादी’ म्हणते तेव्हा तिच्या मनात अमार्गी असते. म्हणूनच राष्ट्राची सीमा तिला सोडता आली आणि स्त्री सोडता आली नाही.

२७ फेब्रुवारी २०२५ रोजी ओजलान यांनी पक्ष विसर्जित करण्याचं आवाहन केलं, मे महिन्यात पक्षानं तसं जाहीर केलं, आणि ११ जुलैला इराकी कुर्दिस्तानात सुलेमानियाजवळ तीस स्त्री-पुरुष लढवय्यांनी आपल्या बंदुका एका कढईत ठेवून जाळल्या. निवेदन वाचायला पुढे आली ती एक स्त्री, बेसे होजात.

एक गोष्ट राहिली. इस्तंबुलमध्ये गलतासराय चौकात २७ मे १९९५ पासून काही बाया शनिवारी बसतात. पोलिसांच्या, लष्कराच्या ताब्यात गेलेली आणि परत न आलेली मुलं, नवरे, भाऊ यांचे फोटो त्यांच्या हातात असतात. त्यांतल्या कितीतरी कुर्द आहेत. मागणं एवढंच, की आमचं माणूस द्या, नाहीतर त्याची कबर दाखवा. मधली काही वर्षं बसणं थांबलं, तेव्हा मोजणीही थांबली; पुढे चौक पोलिसांनी बंद केला, तरी मोजणी चालू राहिली. लोक त्यांना ‘शनिवारच्या आया’ म्हणतात. २५ मे २०२४ रोजी त्यांचा हजारावा आठवडा झाला.