काटा कोलंबोकडे वळला तेव्हा



गेल्या महिन्यात आमच्या केंद्राच्या बैठकीत एक प्रश्न निघाला आणि त्यावरून चांगलीच वादावादी झाली. प्रश्न साधा होता. दुपारी दोनचा आपला बायांचा अर्धा तास बंद करून त्या वेळात सिनेमाची गाणी लावायची का? गाणी हवी म्हणणाऱ्या मुली म्हणाल्या, "नागपूरच्या एफएमचा आवाज आपल्या गावांपर्यंत येतो. वावरात निंदण करताना बाया तेच लावतात. आपणही गाणी लावली तर त्या आपल्याकडे येतील." नको म्हणणाऱ्या बायांनी विचारलं, "मग बचत गटाची माहिती, दवाखान्याच्या वेळा, कापसाचे भाव हे कोण सांगणार?" बैठक उठायची वेळ झाली तरी निर्णय काही होईना. शेवटी कोपऱ्यात बसलेल्या एका आजी म्हणाल्या, "अवो, हे असं पहिले बी झालं होतं. सिलोनच्या टायमाला."

आजींचं बोलणं आम्ही मनावर घेतलं आणि जुना इतिहास शोधला. एखादं रेडिओ केंद्र आपला कार्यक्रमांचा साचा बदलतं, तेव्हा शेजारच्या केंद्रांचं काय होतं, हे त्या इतिहासात स्पष्ट दिसतं. त्यात आपल्या नागपूरचा वाटाही मोठा आहे.

आकाशवाणीचं नागपूर केंद्र १६ जुलै १९४८ रोजी सुरू झालं. तेव्हा नागपूर ही मध्य प्रांत आणि वऱ्हाडाची राजधानी होती. रेडिओ फार थोड्या घरांत असे. तो घरात ठेवायचा तर दरवर्षी पोस्टात जाऊन परवान्याचे पैसे भरावे लागत. त्यामुळे एकाच्या घरी रेडिओ आणि ऐकायला अर्धी आळी, अशी रीत होती. बाया ओसरीच्या आडून ऐकत. रेडिओचं बटण पुरुषांच्या हातात असे.

१९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर केंद्रात माहिती आणि नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. माणूस मराठी, पुण्यात जन्मलेला आणि शास्त्रीय संगीताचा जाणकार. सिनेमाची गाणी लोकांची आवड बिघडवतात, असं त्यांचं ठाम मत होतं. त्यांनी आकाशवाणीवरच्या सिनेसंगीताला कात्री लावली. वाजेल त्या गाण्याच्या सिनेमाचं नावही सांगायचं नाही, कारण ती फुकटची जाहिरात होते, असं ठरलं. यावर सिनेमावाले चिडले आणि गाणी वाजवण्याची परवानगीच त्यांनी काढून घेतली. बघता बघता आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ नाहीशी झाली.

केसकरांची बाजूही ऐकली पाहिजे. त्यांच्या काळात शास्त्रीय गायक-वादकांना आकाशवाणीचा मोठा आधार मिळाला. सिनेमाच्या गाण्यांऐवजी सुगम संगीत तयार व्हावं म्हणून केंद्रांना उत्तेजन मिळालं. त्याच काळात, १ एप्रिल १९५५ पासून, आकाशवाणी पुणे केंद्रावरून गदिमा आणि सुधीर फडके यांचं 'गीतरामायण' आठवड्याला एक गीत याप्रमाणे वर्षभर प्रसारित झालं. कित्येक घरांत रेडिओला हार घालून, उदबत्ती लावून लोक ते ऐकत. म्हणजे लोकांना फक्त सिनेमाच हवा असतो, असं नाही. मनाला भिडेल असं काही दिलं तर लोक तेही जीव लावून ऐकतात. पण गीतरामायण आठवड्यातून एकदा येई. बाकीच्या वेळी काय ऐकायचं?

इथेच शेजाऱ्याचं फावलं. समुद्रापलीकडे, श्रीलंकेतल्या कोलंबोत रेडिओ सिलोन होता. दुसऱ्या महायुद्धात सैन्यासाठी उभारलेलं ताकदवान प्रक्षेपण यंत्र युद्धानंतर त्यांच्या हाती आलं होतं. ते लघुलहरींवर, म्हणजे शॉर्टवेव्हवर चाले. या लहरी आभाळात उंच जातात, तिथल्या थराला आपटून परत खाली येतात आणि शेकडो कोस दूर उतरतात. म्हणून कोलंबोत बोललेलं नागपुरात ऐकू येई. आवाज मधूनच जवळ यायचा, मधूनच लांब जायचा, खरखर व्हायची. तरी लोक कान लावून बसत. आकाशवाणीने जे टाकून दिलं, तेच सिलोनने उचललं. त्यात सिलोनवर जाहिरातींना मुभा होती, आकाशवाणीवर नव्हती. भारतातल्या साबण, चहा, टूथपेस्टच्या कंपन्यांनी आपले पैसे तिकडे वळवले.

१९५२ च्या डिसेंबरात सिलोनवर 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. बिनाका ही टूथपेस्ट. दर बुधवारी रात्री आठला अमीन सयानी गाण्यांची क्रमवारी सांगत. ऐकणाऱ्यांची पत्रं हजारोंनी जात. गावोगावी श्रोता संघ निघाले. अमीन सयानींची आठवण आपण बायांनी एका वेगळ्या कारणासाठी ठेवायला हवी. त्यांच्या आई कुलसुम सयानी मुंबईत प्रौढ साक्षरतेचं काम करत. नव्याने वाचायला शिकलेल्या लोकांसाठी त्या 'रहबर' नावाचं पाक्षिक चालवत. ते सोप्या हिंदुस्थानी भाषेत आणि देवनागरी, उर्दू, गुजराती अशा तीन लिप्यांत निघे. लहानपणी अमीन या कामात आईला मदत करत. साध्या माणसाशी साध्या शब्दांत कसं बोलायचं, हे ते तिथे शिकले. 'बहनों और भाइयों' म्हणणारा तो जिव्हाळा आईच्या साक्षरतेच्या कामातून आलेला होता.

आकाशवाणीला आपली चूक कळायला पाच वर्षं लागली. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी 'विविध भारती' सुरू झाली. सिनेमाची गाणी, गमतीच्या नाटिका, फर्माईश असा हलकाफुलका साचा. पंडित नरेंद्र शर्मांसारखे कवी तिच्या उभारणीत होते. गाणी परत आली, पण गेलेला श्रोता लगेच परत आला नाही. एकदा हाताला दुसऱ्या जागेची सवय लागली की काटा आपोआप तिकडेच वळतो. शिवाय विविध भारतीवर जाहिरात नव्हती. कंपन्यांचा पैसा कोलंबोलाच जात राहिला, आणि जिथे पैसा तिथे गीतमाला.

आता येतं आपलं नागपूर. सरकारने नेमलेल्या चंदा समितीने आकाशवाणीवर जाहिराती घ्याव्यात अशी शिफारस केली. त्यानुसार १ नोव्हेंबर १९६७ रोजी विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या. देशात हा प्रयोग पहिल्यांदा झाला तो मुंबई, पुणे आणि नागपूर या तीन केंद्रांवर! प्रयोग चालला, म्हणून तो पुढे इतर शहरांत गेला. १९७० मध्ये प्रायोजित कार्यक्रमही आले, म्हणजे एखाद्या कंपनीने पूर्ण कार्यक्रमाचा खर्च उचलायचा.

सिलोनच्या पायाखालची वाळू खऱ्या अर्थाने सरकली ती इथे. एक तर नागपूरचं प्रक्षेपण मध्यमलहरींवर, मीडियम वेव्हवर होतं. या लहरी जमिनीला धरून येतात, जवळच्या जवळ स्पष्ट ऐकू येतात, खरखर कमी. तोवर स्वस्तातले ट्रान्झिस्टर आले होते. चूल पेटवताना, गोठ्यात, वावराच्या धुऱ्यावर, जिथे बाई तिथे रेडिओ नेता येऊ लागला. दुसरं म्हणजे, तीच गाणी आता घराजवळच्या केंद्रावर मिळत होती आणि जाहिरातदारालाही इथलाच श्रोता हवा होता. मग त्याने कोलंबोला कशाला जावं? सिलोन एका दिवसात संपला नाही. पण पैसा आटत गेला, तसा त्याचा दिमाख उतरला. शेवटी १९८९ मध्ये गीतमालाही विविध भारतीवर आली.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. १९५२ मध्ये आकाशवाणीने साचा बदलला तेव्हा शेजाऱ्याचं भाग्य उजळलं. १९५७ मध्ये तिने गाणी परत आणली तेव्हा शेजारी हलला नाही. १९६७ मध्ये तिने गाण्याबरोबर जाहिरातही घेतली, तेव्हा तो खचू लागला. श्रोता गाण्यामागे जातो आणि केंद्र पैशामागे.

पुढचा बदल तुमच्या आमच्या डोळ्यांसमोर झाला. नव्या शतकात खासगी एफएम केंद्रं आली. नागपुरातही रेडिओ मिर्ची, रेडिओ सिटी, माय एफएम, रेड एफएम अशी एकामागून एक केंद्रं सुरू झाली. आवाज स्वच्छ, बोलणं खटकेबाज. पण काटा फिरवून बघा. या केंद्रावर हिंदी सिनेमाचं गाणं, त्या केंद्रावरही हिंदी सिनेमाचं गाणं. केंद्रं इतकी, मग ती एकसारखी का?

याचं उत्तर आपल्या आठवडी बाजारात आहे. बाजारात भजीवाला पहिला आला तर तो कुठे बसतो? जिथे गर्दी जास्त तिथे, मधोमध. दुसरा आला की तो टोकाला बसत नाही, पहिल्याच्या शेजारीच बसतो, म्हणजे निम्मं गिऱ्हाईक तरी मिळेल. तिसराही तिथेच. बाजाराच्या टोकाला बांगड्या विकणाऱ्या बाईला मात्र भजी खायला मधेच यावं लागतं. खासगी केंद्राचं पोट जाहिरातीवर. जाहिरातदाराला शहरातला, खिशात पैसा असलेला श्रोता हवा. म्हणून सगळी केंद्रं मधोमध बसतात, आणि टोकावरची बाई, म्हणजे आपण, राहून जातो. धानावर पडलेला तुडतुडा, अंगणवाडीतला आहार, ग्रामसभेची तारीख, जात्यावरची ओवी यांना मधोमध जागा नाही. एफएमवाल्यांचा यात दोष काढायचा नाही. त्यांचा धंदाच तसा आहे.

म्हणूनच सामुदायिक रेडिओची गरज पडली. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका महत्त्वाच्या निकालात सांगितलं की हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. हा निकाल देणाऱ्यांत आपल्या महाराष्ट्राचे न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. पुढे आधी शिक्षणसंस्थांना आणि २००६ मध्ये लोकांमध्ये काम करणाऱ्या संस्थांनाही छोटं रेडिओ केंद्र चालवण्याची वाट मोकळी झाली. अशा केंद्राची ताकद थोडी. आवाज साधारण दहा-पंधरा किलोमीटर जातो. पण निम्मे तरी कार्यक्रम इथल्या लोकांच्या सहभागातून तयार झाले पाहिजेत, अशी अटच घालण्यात आली. २००८ मध्ये साताऱ्याच्या म्हसवडला 'माणदेशी तरंग वाहिनी' सुरू झाली. त्याच वर्षी शेजारच्या तेलंगणातल्या माचनूर गावात दलित शेतकरी बायांनी 'संघम रेडिओ' उभा केला. ज्यांचा आवाज कोणी विचारत नव्हतं, त्या बाया स्वतः माईकसमोर बसल्या. बी-बियाणं, सण, गाणी, आजार, सगळं त्यांच्या बोलीत.

हा सगळा इतिहास घेऊन आम्ही पुन्हा बैठकीला बसलो. गाणी हवी म्हणणाऱ्या मुलींना आम्ही चूक ठरवलं नाही. केसकरांनी केली ती गोष्ट आपण करायची नाही, हे पहिल्यांदा ठरलं. "तुम्हाला काय चांगलं ते आम्हाला कळतं" असं म्हणून गाण्याला दार लावलं, तर बाई भांडत बसत नाही, ती गुपचूप काटा फिरवते. आणि एकदा फिरलेला काटा परत आणायला वर्षं लागतात.

पण दुसरी गोष्टही तितकीच खरी. सिनेमाच्या गाण्यात आपण शहरातल्या केंद्रांशी कधीच बरोबरी करू शकणार नाही. त्यांच्याकडे पैसा आहे, ताकद आहे. आपण बायांचा अर्धा तास सोडला, तर तो उचलायला कोणी शेजारी बसलेला नाही. आकाशवाणीने गाणी सोडली तेव्हा सिलोन तयार होता. आपण दवाखान्याची वेळ आणि बचत गटाचा हिशेब सोडला, तर ते कोणीच उचलणार नाही. ते हवेतच विरून जाईल.

म्हणून आम्ही असं ठरवलं आहे. बायांचा अर्धा तास राहील. त्यात दोन गाणी राहतील, एक सिनेमाचं आणि एक आपल्यापैकी कोणी गायलेलं. वेळ मात्र बदलायची का, हे तुम्ही सांगायचं. आता कापूस वेचणीचे दिवस येतील. दुपारी दोनला तुम्ही वावरात असता, हातात रेडिओ असतो की नसतो, मोबाईलवर ऐकता की कसं, हे आम्हाला माहीत असायला हवं.

तुमच्या गटाच्या येत्या बैठकीत एवढंच विचारा, प्रत्येकीने हात वर करून सांगा: दिवसभरात कोणता अर्धा तास तुमचा स्वतःचा असतो? उत्तर चिठ्ठीवर लिहून आमच्याकडे पाठवा. लिहिता येत नसेल तर केंद्रावर येऊन सांगा, आम्ही लिहून घेऊ. कोणाचा अर्धा तास पहाटे असेल, कोणाचा रात्री भांडी घासल्यावर. जास्त चिठ्ठ्या ज्या वेळेच्या, त्या वेळेला आपला कार्यक्रम.

आणि त्या आजींनाही आम्ही बोलावलं आहे. सिलोन ऐकायला त्या कोणाच्या ओसरीवर जात, बटण कोणाच्या हातात असे, हे त्या पुढच्या वेळी स्वतः सांगतील. नक्की ऐका.