होम्सची रात्र आणि मनगटावरचे यंत्र: जागरणाच्या मोजणीचा इतिहास

२ नोव्हेंबर १८९२ ची पहाट. इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यात, थर्स्कजवळच्या मॅनर हाउस केबिनमध्ये जेम्स होम्स हा सिग्नलमन रात्रपाळीवर होता. आदल्या दिवशी त्याची तान्ही मुलगी दगावली होती. आपल्याला आज काम झेपणार नाही, असे त्याने स्टेशनमास्तरला सांगून पाहिले. बदली माणूस मिळाला नाही. सुमारे ३६ तास जागा असलेला हा बाप अखेर केबिनमध्ये जाऊन उभा राहिला.

बाहेर धुके होते. एक मालगाडी त्याच्या केबिनजवळ येऊन थांबली आणि त्याचा डोळा लागला. जाग आली ती मागच्या केबिनने एक्स्प्रेसविषयी विचारणा केली तेव्हा. मालगाडी उभी असल्याचे त्याच्या स्मरणातून पार निघून गेले होते. त्याने मार्ग मोकळा दिला. दहा माणसे मेली.

न्यायालयाने होम्सला सदोष मनुष्यवधाबद्दल दोषी ठरवले, पण शिक्षा न देता सोडून दिले. थकव्याच्या इतिहासातला हा निकाल मला फार बोलका वाटतो. चूक त्याची होती हे सर्वांना मान्य होते. ती केवळ त्याची होती, हे मात्र कोणाच्या मनाला पटत नव्हते.

पुढच्याच वर्षी, १८९३ मध्ये, ब्रिटिश संसदेने रेल्वे नोकरांच्या कामाच्या तासांविषयी कायदा केला. (हा कायदा या एकाच अपघातामुळे झाला, असे समजू नये, संसदेची चौकशी १८९१ पासूनच सुरू होती.) अवाजवी तासांची तक्रार आल्यास आता सरकार कंपनीला वेळापत्रक सुधारायला लावू शकत होते. पण हा कायदा होम्सला कितपत वाचवू शकला असता? तो कामाच्या अतिरिक्त तासांनी थकला नव्हता. त्याची झोप घरी, सुटीच्या वेळेत हरपली होती. कामाचे तास मोजता येतात, तसे घरातले जागरण कसे मोजायचे, हा प्रश्न पुढे जवळजवळ शंभर वर्षे तसाच पडून राहिला.

झोपेचे शास्त्र मधल्या काळात उभे राहिले. १९३८ साली नॅथानिएल क्लाइटमन आपल्या एका विद्यार्थ्यासह केंटकीतील मॅमथ गुहेत ३२ दिवस राहिला आणि २८ तासांचा दिवस अंगवळणी पडतो का, हे त्याने पाहिले. विद्यार्थ्याला ते जमले, क्लाइटमनला नाही! मात्र झोप नेमकी मोजायची तर डोक्याला तारा चिकटवून प्रयोगशाळेत निजावे लागे. वैमानिकाला रोज तसे कोण निजवणार?

येथे मनगटावरचे यंत्र आले. १९७० च्या दशकापासून संशोधकांनी हाताच्या हालचालींवरून झोपेचा अंदाज बांधायला सुरुवात केली. हात बराच वेळ निश्चल असेल तर माणूस झोपला असावा, हे त्यामागचे साधे तर्कशास्त्र. आजच्या स्मार्ट घड्याळांत त्याला नाडीच्या ठोक्यांची जोड मिळाली आहे. पण मूळची उणीव पूर्णपणे गेलेली नाही. डोळे उघडे ठेवून स्तब्ध पडलेल्या माणसाला हे यंत्र सहज निद्रिस्त ठरवते. मुलीच्या मृत्यूनंतर छताकडे पाहत पडून राहिलेल्या होम्सची त्याने कोणती नोंद केली असती, याची कल्पनाच केलेली बरी.

आणि झोप झाली म्हणजे धोका टळला, असेही नाही. २२ मे २०१० रोजी दुबईहून आलेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान मंगळूरला कोसळले आणि १५८ जण मृत्युमुखी पडले. चौकशीत आढळले की प्रवासाचा बराच भाग कॅप्टन झोपेत होता. कॉकपिटच्या ध्वनिमुद्रणात घोरण्याचा आवाज होता. गाढ झोपेतून उठल्यावर काही काळ बुद्धीवर जे मांद्य राहते, त्याचाही अहवालात विचार झाला. सहवैमानिकाने उतरणे रद्द करण्यास सांगितले होते, तरी विमान उतरवले गेले. याउलट नासाने १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, लांबच्या उड्डाणांत ४० मिनिटांची ठरवून दिलेली विश्रांती मिळालेले वैमानिक सरासरी २६ मिनिटे झोपले आणि नंतर अधिक सावध राहिले. फरक केवळ मिनिटांचा नव्हता. ती डुलकी उघड, परवानगीने आणि दुसरा वैमानिक जागा असताना घेतलेली होती.

म्हणूनच या यंत्रांबाबत माझा आक्षेप अचूकतेपेक्षा मालकीचा आहे. मनगटावरची नोंद कोणाच्या हाती जाते? कमी झोपलेल्या चालकाला त्या दिवशी भरपगारी विश्रांती मिळते, की पुढच्या चौकशीत तीच नोंद त्याच्याविरुद्ध पुरावा ठरते? दुसरी शक्यता दिसली, तर माणूस रात्री घड्याळ काढून ठेवील, आणि त्याला दोष देता येणार नाही. होम्सच्या बाबतीत तर यंत्राची गरजच नव्हती. तो थकला आहे हे त्याने पाळीपूर्वी स्वतःच्या तोंडाने सांगितले होते. कमी होता तो बदली माणूस.

भारतात नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने जानेवारी २०२४ मध्ये वैमानिकांची साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर नेण्याचा नियम जाहीर केला. मोजणी अजूनही तासांचीच आहे. त्या ४८ तासांत घरी कोण आजारी होते, हे वेळापत्रकाला आजही कोणीतरी सांगावेच लागते.