मंडुराची कुळकथा

महाबळेश्वराच्या आसपासच्या रानात धावड लोक खनिजाचा दगड वेचून, रानातल्याच लाकडाचा कोळसा पाडून, भात्याच्या वाऱ्यावर लोखंड गाळीत असत. त्या मातीच्या भट्टीची आंच लोखंडाचे पाणी करण्याइतकी प्रखर कधीच होत नसे. वितळून वाहे ते कीट, आणि मागे राहणारा सच्छिद्र गोळा घणाखाली कुटून कुटून त्याचे लोखंड करावे लागे. दगडातील लोहाचा बराचसा अंश या कीटाबरोबर फुकट जाई. धावडाच्या हिशेबी हा निव्वळ तोटा. परंतु त्याने भट्टीबाहेर टाकलेला हाच काळा, जड खडा वैद्य मंडूर म्हणून मोठ्या आदराने उचलून नेई.

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील 16 वा अध्याय पांडुरोगाचा. त्यात त्रिकटू, त्रिफळा, नागरमोथा, वावडिंग व चित्रक अशी नऊ द्रव्ये आणि त्या साऱ्यांच्या भारोभार एकटे लोहचूर्ण घालून केलेले नवायस चूर्ण जसे आहे, तसेच ताकाबरोबर घ्यावयाचे मंडूरवटकही आहेत. पुढे रसग्रंथकारांनी मंडुराची प्रतवारी लावली, तीही एखाद्या चोख कारकुनास शोभेल अशी: शंभर वर्षांवरचे ते उत्तम, ऐंशीचे मध्यम, साठीचे कनिष्ठ, आणि त्याहून कोवळे असेल तर विषासमान. आता खड्याचा जन्मदाखला वैद्याने कोणत्या दप्तरात पाहावा, हे मात्र ग्रंथकार सांगत नाहीत! बेहड्याच्या निखाऱ्यांवर लाल करून गोमूत्रात सात वेळा विझवावयाचा, मग खलून पुटे द्यावयाची. होणारे भस्म अंगठा व तर्जनी यांमध्ये चोळले असता बोटांच्या रेषांत शिरून बसले आणि पाण्यावर टाकले असता तरंगले, तरच ते सिद्ध.

रक्तात लोह असते, याचा प्रत्यय युरोपात 18 व्या शतकात आला. बोलोन्याच्या मेंगिनी याने रक्त वाळवून, भाजून त्याची पूड केली आणि तिच्यातील कण लोहचुंबकाने उचलून दाखविले. प्रौढ माणसाच्या अंगात सारे मिळून तीन-चार ग्रॅम लोह, त्यातलेही बहुतांश रक्तातच. अर्थात प्रत्येक पांडुता लोहाभावाची नव्हे: 1928 नंतर मुंबईत गिरणी कामगार गर्भवतींच्या पांडुतेचा शोध घेणाऱ्या लूसी विल्स यांना गुण दिसला तो यीस्टच्या अर्काचा. एकाच मंडुरावर भिस्त ठेवणाऱ्या वैद्याच्या हातून असे किती रोगी निसटले असतील, कोण जाणे.

धावडांच्या भट्ट्या 19 व्या शतकातच विझल्या. सरकारने जंगल राखावयास घेतल्याने कोळसा महागला आणि विलायती लोखंड तर स्वस्त येऊ लागले होते. त्या गोष्टीला शंभराहून अधिक वर्षे लोटली. तेव्हा त्यांच्या अगदी शेवटच्या भट्टीतले कीट जरी आज रानात पायाला ठेचाळले, तरी ग्रंथाधारे ते आता उत्तम प्रतीचे झाले आहे.