मृगाआधी तपासून घ्या जुन्या गाडीची फोर बाय फोर. लिव्हर पडला म्हणजे पुढची चाकं लागली असं नव्हे

गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी, आजरा, चंदगड या पट्ट्यातल्या वाड्या-वस्त्यांवर जुनी थार, बोलेरो, स्कॉर्पिओ, जिप्सी नाहीतर त्याहून जुनी जीप ही काही हौसेची गाडी नसते. पावसाळ्यात दुधाचे कॅन संस्थेपर्यंत नेणं, पोरांना हायस्कुलात सोडणं आणि रात्री-अपरात्री बाळंतीण किंवा साप चावलेला माणूस डांबरी रस्त्यापर्यंत आणणं, ही कामं तिच्यावरच येतात. लाल माती भिजली की साधी गाडी चढाला जागच्या जागी चाक फिरवत बसते. तेव्हा फोर बाय फोरचा छोटा लिव्हर ओढला जातो आणि आठ महिने हात न लावलेली यंत्रणा लागतच नाही हे नेमकं त्याच वेळी कळतं. ही तपासणी मे महिन्यात अंगणात बसून होते. पावसात, अंधारात, पेशंट गाडीत असताना होत नाही.

या जुन्या गाड्यांची यंत्रणा बहुतेक ‘पार्ट-टाइम’ प्रकारची आहे. एरवी इंजिनची ताकद फक्त मागच्या चाकांना जाते. लिव्हर 4H वर टाकला की गिअरबॉक्सच्या मागे असलेला ट्रान्सफर केस पुढच्या प्रॉपेलर शाफ्टलाही जोडून घेतो. 4L मध्ये तीच ताकद आणखी कमी वेगात, जास्त जोरात मिळते. पण साखळी इथं संपत नाही. शाफ्टकडून पुढच्या अ‍ॅक्सलला आणि अ‍ॅक्सलकडून चाकाला ताकद जाण्यासाठी चाकावरचा हब लॉक व्हावा लागतो. जिप्सी आणि जुन्या जीपना हा हब खाली उतरून हाताने फिरवावा लागतो. काही गाड्यांत तो व्हॅक्यूमच्या जोरावर आपोआप लागतो, तर काही गाड्यांना हबच नसतो, पुढचा अ‍ॅक्सल कायम चाकाबरोबर फिरतो. आपल्या गाडीला यातलं काय आहे, हे मालकाला माहीत असलंच पाहिजे. जुनी गाडी घेणाऱ्या कित्येकांना ते ठाऊक नसतं आणि पुढचा सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

लिव्हर पडणं किंवा मीटरवर 4WD चा दिवा लागणं एवढ्यावर विश्वास ठेवू नये. दिवा फक्त ट्रान्सफर केसची खबर देतो. हब लागला की नाही हे त्याला बहुधा कळतही नाही.

घरच्या घरी तपासणी

गाडी सपाट जागेवर लावावी, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड किंवा ठोकळे द्यावेत, हँडब्रेक ओढावा. इंजिन बंद, गाडी पहिल्या गिअरमध्ये आणि लिव्हर 4H वर. आता खाली वाकून पुढचा प्रॉपेलर शाफ्ट हाताने फिरवून पाहावा. थोडा खडखडाट चालेल, पण तो गरागरा फिरता कामा नये. फिरला तर ट्रान्सफर केस लागलेलाच नाही. मग लिव्हरची जोडणी, बुशिंग, आतला फोर्क किंवा चेन यात दोष शोधायचा. बहुतेक वेळा दोष आतला नसतो. लिव्हरखालचे झिजलेले बुश आणि चिखलाने आवळलेला सांधा एवढंच निघतं. त्यामुळे केस उघडण्याआधी बाहेरची जोडणी साफ करून पाहावी.

शाफ्ट पक्का धरला, तर पाळी हबची. हाताचे हब असतील तर दोन्ही लॉक करावेत. व्हॅक्यूमचे असतील तर इंजिन चालू ठेवावं. आता गिअर न्यूट्रल, लिव्हर 4H वर, हँडब्रेक आणि ठोकळे जागेवर. पुढचं एकच चाक जॅकने जमिनीपासून बोटभर उचलून स्टँडवर घ्यावं. या वेळी कुणीही गाडीखाली जाऊ नये, बाहेर बसूनच चाक हाताने फिरवावं. ते अडलं तर सगळी साखळी जागेवर आहे. सहज फिरलं तर उचललेल्या नाहीतर दुसऱ्या बाजूच्या हबमध्ये सैलपणा आहे. कारण पुढचा डिफरन्शियल साधा असतो, एका बाजूचा हब सुटला की ताकद त्याच बाजूने वाया जाते. म्हणजे एक हब गेला की पुढची दोन्ही चाकं गेल्यातच जमा.

व्हॅक्यूमच्या हबची कहाणी वेगळीच. डिझेल गाडीत ब्रेकसाठी जो व्हॅक्यूम पंप असतो, त्याच्याच जोरावर हे हब चालतात आणि तो जोर बारीक रबरी नळ्यांतून चाकापर्यंत जातो. या नळ्या उन्हाने तडकतात, दगड लागून निसटतात आणि गोठ्याशेजारी गाडी उभी असेल तर उंदीर कुरतडतात. हब अर्धवट लागला की चाकाकडून कर्रकर्र आवाज येतो. तो ऐकून गिअरबॉक्स उतरवायला सांगणारे महाभाग आहेत. आधी नळ्या तपासाव्यात. दरवर्षी हाच त्रास होत असेल तर हाताने फिरवायचे हब बसवून घेणारेही बरेच आहेत. पावसात उतरावं लागतं, पण लागले की लागले याची खात्री असते.

हाताच्या हबात उलटी चूक होते. चाकाच्या बेअरिंगचं जाड ग्रीस कुणीतरी आत ठासून भरतं आणि मग आतली स्प्रिंग सरकतच नाही. तिथं ग्रीसचा पातळ हात पुरतो.

शेवटची परीक्षा शेतात. नांगरलेल्या रानात किंवा सुट्या मुरमाच्या चढावर गाडी घ्यावी आणि एकाने बाहेर उभं राहून पाहावं. पुढचं चाक माती उडवतंय का, एवढंच बघायचं. पुढचं एकच चाक फिरलं तर घाबरायचं कारण नाही, साध्या डिफरन्शियलचा तो स्वभाव आहे. 2015 मध्ये आलेल्या थारच्या सुधारित आवृत्तीला मागच्या बाजूला आपोआप लॉक होणारा डिफरन्शियल आहे. चाक घसरल्यावर तो ‘खाट्’ करून लागतो, हा आवाज बिघाडाचा नव्हे.

डांबरी रस्त्यावर नको

पावसाळी वातावरणात सुरक्षित म्हणून घाटातल्या कोरड्या डांबरावर 4H लावून गाडी चालवणं ही सगळ्यात महाग पडणारी सवय. वळणावर पुढची चाकं मागच्या चाकांपेक्षा लांबचा फेरा घेतात. पार्ट-टाइम यंत्रणेत मध्ये डिफरन्शियल नसल्याने हा फरक जिरायला जागा मिळत नाही. चिखलात चाक थोडं घसरून तो फरक सोडून देतं, डांबरावर सगळा ताण शाफ्ट आणि ट्रान्सफर केसवर बसतो. स्टिअरिंग जड लागतं, गाडी वळणात अडखळते आणि नंतर लिव्हर निघता निघत नाही. तो उपटायचा नाही. गाडी सरळ रेषेत थोडी मागे घ्यावी, ताण सुटतो आणि लिव्हर अलगद येतो. चार टायर एका मापाचे आणि साधारण सारखे झिजलेले हवेत, ते याच कारणासाठी. पुढे नवे आणि मागे गुळगुळीत टायर असतील तर सरळ रस्त्यावरही हाच ताण येतो.

4L लावताना गाडी पूर्ण थांबवून क्लच दाबावा. स्कॉर्पिओसारख्या बटणाच्या गाडीत हे काम मोटर करते. तिथं दिवा लुकलुकत राहिला तर आधी फ्यूज, बॅटरीची अर्थिंग आणि मोटरच्या कनेक्टरमध्ये पाणी-गंज पाहावा, मोटर बदलायचा विचार त्यानंतर.

ऑइल, पाणी आणि ब्रीदर

ओढ्यातून गाडी काढणाऱ्यांनी हे नीट वाचावं. चालून तापलेला अ‍ॅक्सल थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि बाहेरून ओढून घेते. ही हवा यायला अ‍ॅक्सलवर ब्रीदर असतो. तो चिखलाने बुजला असेल तर ऑइल सीलमधून पाणी आत शिरतं. पुढे ते ऑइल दुधाळ चहासारखं दिसू लागतं, आणि त्या ऑइलवर क्राउन-पिनियन फार दिवस टिकत नाही. म्हणून पावसाळ्याआधी ब्रीदर साफ करावा, शक्य असेल तर नळी लावून तो बॉनेटपर्यंत उंच न्यावा. चाकाच्या मध्यापेक्षा वर पाणी लागलं असेल तर दोन्ही अ‍ॅक्सल आणि ट्रान्सफर केसचं ऑइल दुसऱ्याच दिवशी पाहावं.

पाहताना आधी वरचा, भरायचा बोल्ट खोलून बघावा आणि मगच खालचा. वरचा बोल्ट जाम असेल आणि खालून ऑइल सांडून गेलेलं असेल, तर गाडी तिथंच उभी. भोकाच्या खालच्या कडेपर्यंत ऑइल असलं की पुरे. ड्रेन बोल्टच्या चुंबकावर राखाडी चिकटा असणं साधं आहे, दाताचा तुकडा किंवा धारदार कण असतील तर मेकॅनिक गाठावा. ट्रान्सफर केसला कोणतं ऑइल, हे गाडीच्या पुस्तकात बघूनच ठरवावं. काहींना गिअर ऑइल लागतं, काहींना ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं पातळ ऑइल. ‘सगळीकडे 90 नंबर टाका’ हा सल्ला ऐकू नये.

प्रॉपेलर शाफ्टच्या क्रॉसला ग्रीस गन लावताना जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत मारावं. क्रॉसच्या कपाभोवती लालसर पूड दिसली किंवा गाडी सुटताना चूं-चूं आवाज आला तर तो क्रॉस संपत आलाय. शाफ्ट उतरवण्याआधी दोन्ही भागांवर खूण करावी, नाहीतर उलटा बसून गाडी थरथरते. पुढच्या चाकामागचा रबर बूट फाटला असेल तर लगेच बदलावा. आत गेलेली लाल माती सांध्यावर पॉलिश पेपरसारखी चालते.

जुनी गाडी घेताना आणखी एक गोष्ट. भंगारातला अ‍ॅक्सल बसवलेल्या जीपमध्ये पुढच्या-मागच्या क्राउन-पिनियनचं माप जुळत नाही आणि 4H लावताच गाडी स्वतःशीच भांडते. मोजणं सोपं आहे. लिव्हर 2H वर, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सुटा, जमिनीवरच्या सगळ्या चाकांना ठोकळे. मागचं एक चाक उचलून स्टँडवर घेऊन दोन पूर्ण फेरे फिरवावं आणि दुसऱ्याने बाजूने डोकावून शाफ्टचे फेरे मोजावेत. मग दोन्ही हब लॉक करून पुढच्या चाकाचं तसंच करावं. दोन्ही आकडे सारखे आले नाहीत, तर किंमत कितीही कमी सांगितली तरी ती जीप फोर बाय फोर म्हणून घेऊ नये.